आरशातली मोजणी

"मामा, तुम्ही फक्त बसा," असं जावई म्हणाला आणि मामाच्या अंगाचा तिळपापड झाला.

आता यात चिडण्यासारखं काय होतं, असं कुणीही विचारेल. जावई चांगल्या मनानेच म्हणाला होता. मामाच्या ताईच्या घरी सगळा गोतावळा जमला होता, खुर्च्या पुरेनात म्हणून निम्मे लोक जमिनीवर बसले होते आणि विषय एकच होता: या सुट्टीत सगळ्यांनी मिळून थीम पार्कला जायचं. आकाशाला भिडणारे पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, रात्रीचा मुक्काम तिथेच. या घराण्यातलं कुणीही आजवर असल्या ठिकाणी गेलं नव्हतं. मामा आपला सवयीने पुढे झाला आणि म्हणाला, "गाडीचं मी बघतो." त्यावर जावयाने मोबाइलमधून मान वर केली. "गाडी पॅकेजमध्येच आहे, मामा. ड्रायव्हरसकट येते. तुम्ही फक्त बसा."

फक्त बसा म्हणे. ज्या माणसाने उभा जन्म दुसऱ्यांना बसवून नेलं, त्याला सांगतोय, बसा.

मामाने हयातभर शाळेची बस चालवली. बसमधली पोरं त्याला मामा म्हणायची, पोरांच्या आया मामा म्हणायच्या, मुख्याध्यापक मामा म्हणायचे. इतकं की त्याची बायकोसुद्धा कधीकधी फोनवर "थांबा हं, मामांना विचारते" असं बोलून जायची आणि मग स्वतःच पदराने तोंड दाबून हसायची. खरा भाचा-भाचीवाला मामा तो ताईच्या घरचा. बसचा मालक दिलदार होता. सुट्टीच्या दिवशी डिझेल भरा आणि खुशाल न्या, म्हणायचा. मग लग्न असो, समुद्रावर जायचं असो, कुणी घर बदलत असो, अख्खं खटलं त्या बसमध्ये भरायचं आणि मामा स्टिअरिंगवर बसायचा. कुठला रस्ता, कुठे थांबायचं, कुणाला खिडकी, सगळं मामाला विचारून. या घरात पानही मामाला विचारल्याशिवाय हलत नव्हतं. त्याला तरी तसंच वाटायचं.

निघण्याआधी मामा डोकी मोजायचा. मागे वळून नाही. स्टिअरिंगच्या वर लांबलचक आरसा होता, त्यात बघून, ओठ हलवत, बाकामागून बाक. शाळेच्या बसचा नियमच तो, एक पोर जरी मागे राहिलं तरी नोकरी गेली समजा. आणि ताईची धाकटी लेक, चिमी, त्याच्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर चादरीची घडी टाकून बसलेली असायची. ती जागा तिची. दुसरं कुणी बसलं तर रडून गोंधळ घालायची. मामाने मोजून आकडा सांगितला की ती ओरडायची, "आणि मामा." मग मामा म्हणायचा, "हां, आणि मामा," आणि गियर टाकायचा. हे झाल्याशिवाय गाडी जागची हलली नाही कधी.

तीच चिमी आता संसाराला लागली होती. नवरा, म्हणजे हाच जावई, पडद्यासमोर बसून करायच्या नोकरीत. आवाज कधी चढवायचा नाही, कुणाला उलटून बोलायचं नाही. वाईट असता तर मामाचं काम सोपं झालं असतं. पण माणूस सज्जन, आणि सज्जन माणसावर जळायचं म्हणजे चोरून जळावं लागतं. चिमी पूर्वी नळ गळला तरी मामाला फोन करायची. आता काही विचारलं की म्हणते, "थांब, त्याला विचारते." आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

"तोंड का पाडलंय एवढं?" घरी जाताना बायकोने विचारलं.

"कुठं काय?"

"पोटात दुखतंय तुमच्या. जावयाने सगळं हातात घेतलं ना."

"मला काय करायचंय? करू दे की. नव्याची नवलाई आहे."

"लग्नाला किती वर्षं झाली त्यांच्या, कसली डोंबलाची नवलाई," बायको म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

पुढच्या बैठकीला मामा तयारीने गेला. तयारी म्हणजे काय, चुका काढायच्या. ताईच्या गुडघ्याचं काय, त्याने विचारलं. जावयाने तिथे चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती. म्हाताऱ्यांना पाळणे कसे झेपणार? त्यांच्यासाठी हळू चालणारी छोटी आगगाडी होती. शेवटी मामाने हुकमाचं पान काढलं. "वाटेत पोरांना उलट्या झाल्या म्हणजे? एवढ्या वळणांचा रस्ता आहे."

"पिशव्या घेतल्यात, मामा," जावई म्हणाला. "चिमीने सांगितलं, तुम्ही आरशाखाली अडकवून ठेवायचात. तसंच करू."

म्हणजे मामाची युक्तीसुद्धा गेली, आणि वर त्याचंच नाव घेऊन गेली. सगळे कौतुकाने जावयाकडे बघायला लागले. मामाने नाक खाजवलं.

मग जावयाने विचारलं, "बुकिंग करतो आता. एकूण किती माणसं?"

झालं. जो तो वेगळा आकडा सांगायला लागला. कुणी तान्ह्याला धरलं, कुणी सोडलं, एका काकाने एकाच जोडप्याला दोनदा मोजलं. एवढ्या शिकल्यासवरल्या घरात आपली माणसं किती हे कुणाला धड सांगता येईना. मामाला अगदी हायसं वाटलं. "थांबा," तो म्हणाला आणि त्याने डोळे मिटले.

डोळ्यांपुढे आरसा आणला. पहिल्या बाकावर ताई आणि त्याची बायको. त्यामागे काका-काकू. मग मधली मंडळी, मांडीवरची, खिडकीची. चिमीला त्याने मागे बसवलं, नवऱ्याशेजारी. तिला तिथे बसवताना जरा जड गेलं, पण बसवलं. शेवटच्या लांब बाकावर नेहमीची दंगेखोर टोळी. "एकोणीस," डोळे उघडत मामा म्हणाला.

कुणी शंका काढली नाही. चिमी नवऱ्याच्या मोबाइलला चार्जर लावत होती. मान वर न करता ती म्हणाली, "एकोणीस टाक."

जावयाने टाकले. मामा खूश व्हायला हवा होता, तो झालाही. पण घराला कुलूप लावून निघावं आणि आतलं काहीतरी चालू राहिलंय असं वाटावं, तसं त्याला वाटत राहिलं. काय ते आठवेना.

पार्कवाल्यांनी मनगटावर बांधायच्या रंगीत पट्ट्या घरपोच पाठवल्या, तेव्हा सगळे पुन्हा जमले. जावई एकेकाच्या हातात पट्टी देत खोलीभर फिरला. मामा दाराजवळ बसला होता, आपल्याला काही घाई नाही असा चेहरा करून. जावई शेवटी त्याच्यापाशी आला. मामाने हात पुढे केला. जावयाने पाकिटात बोटं घातली, पाकीट उलटं केलं, झटकलं. काही पडलं नाही.

"जावईबापू," ताई हळूच म्हणाली, "माझा भाऊच राहिला?"

खरं सांगायचं तर मामाला आनंद झाला. असा आनंद की तो लपवायला त्याला खाली बघावं लागलं. सापडला. चुकला एकदाचा. आता सगळे आपली समजूत काढतील, आपण नको नको म्हणू, मग ते आणखी काढतील.

जावयाचा चेहरा उतरला. सुट्टीचे दिवस, पार्क भरलेला, तिकिटं बंद. तो म्हणाला, "चूक माझी आहे. मी मोजायला हवं होतं. मामा, ही माझी पट्टी तुम्ही घ्या. मी राहतो घरी. तसंही ऑफिसचं काम आहे."

सगळी खोली विरघळली. किती चांगला मुलगा, काकू म्हणाली. मामाची तळपायाची आग मस्तकात गेली. जागा घेतली, युक्ती घेतली, चिमी घेतली, आणि आता मोठेपणाही यानेच घ्यायचा?

बघूच, हा नेमका कुठे चुकला ते, असं म्हणून मामाने पुन्हा आरसा डोळ्यांपुढे आणला. पहिला बाक, ताई. शेवटचा बाक, दंगेखोर. एकोणीस. परत मोजलं. एकोणीसच. मग त्याने स्वतःला शोधायला सुरुवात केली. या बाकावर नाही, त्या बाकावर नाही. ज्याला आरशात सगळे दिसतात तो स्वतः त्या आरशात कुठे दिसणार?

आकडा कुणी सांगितला हे कुणालाही आठवत नव्हतं. जावयालाही नाही, किंवा त्याला आठवत असून तो बोलत नव्हता. मामा गप्प बसला असता तर ही चूक जन्मभर जावयाच्या नावावर राहिली असती, आणि पुढच्या वेळी सगळे पुन्हा मामाकडे आले असते. मामा गप्प बसलाही. समोर चिमी आपल्या मनगटावरची पट्टी गोल गोल फिरवत होती आणि कुणाकडेच बघत नव्हती.

"चूक यांची नाही," शेवटी मामा खेकसला. "एकोणीस मी सांगितलं. ड्रायव्हरला मोजत नसतात."

क्षणभर कुणाला कळलं नाही, मग जे हसू फुटलं ते आवरेना. ताईने कपाळावर हात मारला. "अहो, स्वतःलाच विसरलात?" बायको म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, हसून की कशाने कोण जाणे. जावई मात्र हसला नाही. फोन घेऊन बाहेर गेला, कुणाकुणाशी बोलला आणि परत येऊन म्हणाला, "कुणीतरी एक तिकीट रद्द केलंय, ते मिळतंय. फक्त गाडीत सीट नाही. ड्रायव्हरशेजारी इंजिनावर बसावं लागेल. तिथे मी बसतो."

"खबरदार," मामा म्हणाला. "ती जागा माझी."

मंडळी पांगली. मामा चपला घालत होता, तेव्हा चिमी दारात येऊन उभी राहिली.

"मामा, तू मोजलंस तेव्हा मी कुठे होते?"

"तिथेच. चार्जर लावत होतीस."

"मग मी 'आणि मामा' म्हटलं नाही?"

आता खरं तर मामाला काहीही सांगता आलं असतं. म्हणाली असशील, मला ऐकू आलं नसेल. वय झालं माझं. गलका केवढा होता. भाचीच ती, लहानपणापासून अंगाखांद्यावर खेळवलेली. पण आत जे इतके दिवस जळत होतं, त्याला तेवढं तरी हवं होतं.

"नाही," मामा म्हणाला. "म्हणाली नाहीस."

आणि दुसरी चप्पल शोधायला खाली वाकला.