साखरेविना लाल कोबी

शनिवारी पहाटे पाच चाळीसला विब्के ल्यूर्स पाचवा लाल कोबी चिरत होती. बाहेर अजून अंधार होता, समुद्राचा बांधही दिसत नव्हता. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात फक्त तिच्या सुरीचा आवाज होता.

रविवारी संत मार्टिनच्या सणाचा भाजलेला हंस. त्याच्याबरोबर लाल कोबी हवाच, आणि आमच्याकडे तो हंसाच्या चरबीत, मूठभर साखर घालून शिजतो. मधुमेह आणि हृदयविकारवाल्यांना मग उकडलेली गाजरं मिळतात. आश्रमातल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या मधुमेही क्लाउसेननी जन्मभर याच जमिनीत कोबी पिकवला. शरदात पहिल्यांदा ताटात गाजरं आली तशी ते पंगतीतून उठले आणि खोलीत जेवू लागले. जेवू कसले, चिवडू लागले. सदरा अंगावर लोंबायला लागला.

विब्केने व्यवस्थापक बाई फ्राउ हार्म्स यांना सांगितलं, सगळ्यांना एकाच भांड्यातला कोबी, साखर नाही, चरबी नाही.

"आणि ताटं तशीच परत आली तर?" फ्राउ हार्म्सनी विचारलं. "तर पुढच्या आठवड्यापासून डबाबंद कोबी. मग माझ्याकडे रडत यायचं नाही."

"रडायला मला वेळ कुठे असतो," विब्के म्हणाली.

तेलात कांदा परतून तिने कोबी आणि आंबटगोड सफरचंदं घातली, लवंगा आणि तमालपत्र टाकलं, झाकण ठेवलं आणि गाडीतून आलेले हंस उतरवून घ्यायला मागच्या दाराशी गेली. परत आली तेव्हा झाकणाखालचा कोबी शाईसारखा निळा झाला होता.

मदतनीस आन्त्ये भांडी पुसत होती. "थोडा खायचा सोडा टाकलाय. म्हातारी माणसं, पोटात वारा धरतो. माझी आई नेहमी टाकायची."

"थोडा म्हणजे?"

"मूठभर. भांडं केवढं आहे बघ ना. व्हिनेगर ओत, रंग येईल परत."

विब्केने चमचाभर चाखला. "रंग येईल. साबणाची चव कुठे जाईल? आणि याचा लगदा झालाय."

सगळं भांडं तिने कचऱ्यात रिकामं केलं. उद्या सकाळी नव्याने करून चालणार नव्हतं. लाल कोबी आदल्या दिवशी शिजवून रात्रभर मुरवायचा आणि गरम करून वाढायचा. साखर नसताना तर मुरण्यावरच सगळी भिस्त. ती तडक क्लाउसेनच्या खोलीत गेली.

"शेतावर सुनेला फोन करा. कोबी हवाय, आत्ता. आणि सफरचंदं चिरायला तुम्ही चला."

"मला खायला मिळत नाही, ते चिरायला बोलावतेस?"

"उद्या मिळणार आहे."

ते खाली आले. सुनेने कोबी आणून टाकला. विब्केने या खेपेला व्हिनेगर सुरुवातीलाच ओतलं, आणि सोड्याचा डबा खिशात घातला.

"साखर नाही, चरबी नाही," क्लाउसेन फोडी करत म्हणाले. "आम्ही हे गुरांना घालायचो, पोरी."

"साठीची पोर आहे मी. फोडी बारीक करा. गोडी त्यातूनच यायचीय."

मंद आचेवर दुपारभर कोबी शिजला. आन्त्ये भांड्याजवळून जाताना दोन्ही हात पाठीमागे बांधून जायची.

रविवारी क्लाउसेन पंगतीत बसले. पहिला घास त्यांनी बराच वेळ चावला. "आंबट आहे," ते म्हणाले. शेजारच्या म्हातारीने साखर मागितली, तर तिला म्हणाले, "सफरचंद शोध, खाली आहे." मग ताट पुढे करून त्यांनी आणखी मागितला. फ्राउ हार्म्स दाराशी उभ्या राहून परत येणारी ताटं बघत होत्या. हाडं होती, बटाटे होते, कोबी नव्हता. शेवटचं ताट गेल्यावर त्या म्हणाल्या, "डबे मागवत नाही." आणि निघून गेल्या.

एरवी सोमवारी दुपारी उरलेला कोबी सॉसेजबरोबर वाढतात. उद्या बटाट्याचं सूप आहे.