विल्फ केरशॉची चाल

म्युरिएल केरशॉ आमच्या स्टुडिओत आली ती बाहुल्यांचे कपडे शिवायला. इंग्लंडातल्या ओल्डहॅमच्या कापडगिरण्या एकेक करून बंद पडत होत्या. तिच्या गिरणीला कुलूप लागलं त्याच हिवाळ्यात डेस्मंड हॅलमने स्लेट लेनवरचं ओस पडलेलं चॅपल भाड्याने घेतलं आणि लहान मुलांसाठी टीव्हीवरचे बाहुलीपट काढायला सुरुवात केली. जिथे पाद्री उभा राहायचा तिथे कॅमेरा आला, जिथे बायका भजनं म्हणायच्या तिथे माझं सुतारकामाचं टेबल आलं. मी देखावे बांधायचो. काडेपेटीएवढी घरं, काड्यांची कुंपणं, धुराड्यातून निघणारा कापसाचा धूर. म्युरिएलचं शिलाई मशीन माझ्या शेजारीच होतं, म्हणून तिची हकीकत मला ठाऊक.

तेव्हा ती तिशी ओलांडलेली, उंच, हाडापेराने मजबूत आणि तोंडाने फटकळ. लग्न केलं नव्हतं. आई लहानपणी गेली होती आणि बापाने, विल्फने, एकट्याने तिला वाढवलं होतं. विल्फ गिरणीत पिंजणखात्यात होता. तरुणपणीच त्याचा डावा पाय यंत्राच्या पट्ट्यात सापडला. पाय वाचला, पण वाकडा होऊन. पाऊल टाकण्याआधी तो जरासा थांबायचा, मग कंबरेतून सगळा पाय बाहेर फेकायचा, आणि तो जमिनीला टेकला की मान किंचित झुकवायचा. जणू वाटेत कुणी ओळखीचं भेटलंय. काठी त्याने कधी धरली नाही. बसमध्ये कुणी उठून जागा द्यायला लागलं तर म्हणायचा, "का, तुझा स्टॉप आला का?" हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या खेळात तो आमच्या भागातला पट्टीचा गडी होता, क्लबचा कप्तान होता, आणि त्याच्या पायाबद्दल अवाक्षर काढायची कुणाची छाती नव्हती.

डेस्मंडची मालिका होती क्लाउट नावाच्या म्हाताऱ्या भंगारवाल्याची. गाढवाची गाडी घेऊन तो गावभर फिरतो, 'जुनं द्या, फाटकं द्या' ओरडतो, आणि लोकांनी टाकलेल्या वस्तूंतून कुणाचं ना कुणाचं काम करून देतो. बाहुल्या हलवणं म्हणजे जिवाला त्रास. बाहुलीला केसभर हलवायचं, बाजूला व्हायचं, कॅमेऱ्याची कळ दाबायची, पुन्हा केसभर हलवायचं. दिवसभर राबून पडद्यावर दिसायचं ते डोळा मिटून उघडेपर्यंत संपून जायचं. त्या कामाला ठेवलेला माणूस ऐन वेळी लंडनला पळाला. डेस्मंडने सगळ्यांच्या हातात बाहुली देऊन पाहिली, माझ्यासुद्धा. माझा क्लाउट बर्फावरून घसरल्यासारखा चालला. म्युरिएलचा नंबर शेवटी लागला.

फिल्म धुऊन आली तेव्हा आम्ही चॅपलच्या मागच्या खोलीत भिंतीवर ती पाहिली. क्लाउट गल्लीतून वर येत होता. थांबला, पाय फेकला, मान झुकवली. पुन्हा थांबला. मग डेस्मंड मांडी थोपटून म्हणाला, "मिळाला! हा माणूस मिळाला मला!"

म्युरिएलचा चेहरा मात्र पांढरा पडला होता. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "नॉर्मन, अरे हे बाबा आहेत."

"मुद्दाम केलंस?"

"देवाशपथ नाही. म्हातारा माणूस चढण कसा चढतो एवढंच मनात होतं. लहानपणी रोज खिडकीत बसून मी त्यांची वाट पाहायचे. गिरणी सुटली की शेकडो माणसं एकाच टोपीत, एकाच कोटात यायची. त्यांतून मी त्यांना चालीवरून ओळखायचे. हातांना तेवढंच ठाऊक आहे."

तिला वाटलं, विल्फच्या लक्षात येणार नाही. स्वतःची चाल कुणी पाहिलेली असते? आणि विल्फला तर आनंदाचं भरतं आलं होतं. शिवणकाम करणारी पोर टीव्हीवरचे बाहुलीपट करायला लागली, हे त्याने पाववाल्यापासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं होतं. पहिला भाग लागणार त्या दिवशी त्याने क्लबच्या खोलीत टीव्ही आणून ठेवायला लावला. सगळे म्हातारे बिअरचे ग्लास घेऊन बसले. म्युरिएलला त्याने पुढे खुर्ची दिली. मीही होतो.

क्लाउट आला. चढण चढायला लागला. आधी सगळे हसले, कारण बाहुली खरंच गोड होती. मग हसू एकेका तोंडावर विरत गेलं. शेवटी राहिला फक्त सिड बटरवर्थ. तो कानाने जड आणि डोक्यानेही. गुडघ्यावर हात मारत तो ओरडला, "विल्फ! अरे हा तर तूच रे! हुबेहूब! मान बघ, मान!"

विल्फही हसला. "पोरीने बापाला नट केलं की," असं म्हणाला. भाग संपेपर्यंत बसला, ग्लास रिकामा केला, टोपी घातली. खुर्चीपासून दारापर्यंतचं अंतर ते केवढं! पण ते त्याला सगळ्यांदेखत चालायचं होतं. आम्ही सगळे छताकडे, ग्लासात, कुठेतरी बघत राहिलो. त्याच्याकडे न बघणं त्याला जास्त लागलं असणार.

घरी गेल्यावर काय झालं ते म्युरिएलने दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. तो स्वयंपाकघरात कोट न काढता उभा होता. म्हणाला, "अख्ख्या माणसात तुला पायच सापडला काय गं?"

"बाबा, मी थट्टा नाही केली."

"तू नाही केलीस. लोक करतील. पन्नास वर्षं मी कुणाला करू दिली नव्हती."

आणि तसंच झालं. मालिका गाजली. पुढच्या उन्हाळ्यात शाळेतली पोरं विल्फच्या मागे रांग लावून पाय फेकत चालायला लागली. 'जुनं द्या, फाटकं द्या!' पोरं दुष्ट नव्हती. त्यांना वाटायचं, टीव्हीवरचा क्लाउटच आपल्या गल्लीत राहतो. त्यांच्या आयासुद्धा कौतुकाने हसायच्या. विल्फने एकदा मागे वळून टोपी उचलून त्यांना नमस्कारही केला. त्यानंतर त्याने क्लब सोडला.

म्युरिएल डेस्मंडकडे गेली. क्लाउटची चाल बदलू द्या म्हणाली. डेस्मंड वाईट माणूस नव्हता. त्याने तिला बसवलं, बिस्किटं पुढे केली.

"म्युरिएल, ही चाल म्हणजेच आपला कार्यक्रम आहे. पोरं गोष्टीसाठी बघत नाहीत, त्याचं चालणं बघायला बसतात."

"तो माझा बाप आहे, मिस्टर हॅलम."

"होता. आता तो सगळ्यांचा आहे."

पुढच्या भागात तिने क्लाउटला सरळ चालवलं. फिल्म धुऊन आल्यावर डेस्मंडने दिवा लावला आणि विचारलं, "हा कोण?" मग सगळ्यांसमोर, आवाज न चढवता, म्हणाला, "तू नाही केलंस तर कॅमेऱ्यावरचा कीथ करेल. चाल त्याला दिसलेली आहे. तो नक्कल करेल. विचार कर."

ती चॅपलच्या पायरीवर सिगारेट ओढत बसली. मी शेजारी जाऊन बसलो.

"सोड की," मी म्हणालो. "बाजारात पडदे शिवायचं काम मिळेल."

"मिळेल. आणि इथे कीथ बाबांना लंगडवेल. तो त्यांना ओळखतही नाही. माझ्या हातून निदान ते चालतात तरी." सिगारेट विझवली आणि आत जाऊन तिने बाहुली उचलली. खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं. ते काम तिच्या अंगात भिनलं होतं. गिरणीत पंधरा वर्षं घालवलेल्या बाईच्या हातून पहिल्यांदाच काहीतरी जिवंत होत होतं. तेही तिने मला सांगितलं, दुसऱ्या एका दिवशी, रागाने.

त्या संध्याकाळी तिने बापाला स्पष्ट सांगितलं की ती काम सोडणार नाही.

"बरं," विल्फ म्हणाला. "मग चहा टाक."

त्यानंतर दोघं एकाच घरात राहिली, एकाच टेबलावर जेवली, आणि तो विषय कधी निघाला नाही. दिवसभर ती दिव्यांच्या उकाड्यात उभी राहून बापाचा पाय केसाकेसाने पुढे टाकायची आणि संध्याकाळी घरी जाऊन त्याला बटाटे सोलून द्यायची. पोरं शाळेत असतील तेव्हाच विल्फ बाहेर पडायचा. मग तेही कमी झालं. मग खुर्ची. गुडघा आखडला. डॉक्टरने तिच्यादेखत दम भरला, "मिस्टर केरशॉ, चालला नाहीत तर पाय कायमचा जाईल."

"मला कशाला चालायला लावता?" विल्फ म्हणाला. "आठवड्यातून एकदा अख्खा देश मला चालताना बघतो की."

वसंतात तो गेला, त्याच खुर्चीत. क्लबच्या माणसांनी शवपेटी खांद्यावर घेतली. सिड बटरवर्थ रडला, आणि का रडतोय ते त्याला कळत होतं असं मला वाटलं. डेस्मंडने फुलं पाठवली होती. मनापासून पाठवली होती, त्यात शंका नाही. पिवळ्या शेवंतीची केलेली क्लाउटची गाडी, गाढवासकट. म्युरिएलने ती उचलली, दफनभूमीतल्या चॅपलच्या मागे कचऱ्याच्या डब्यांजवळ नेऊन ठेवली, हात झटकले आणि प्रार्थनेला उभी राहिली.

दुसऱ्या सोमवारी ती कामावर हजर होती.

क्लाउट पुढे कितीतरी वर्षं चालला. लंडनमध्ये डेस्मंडला मोठं पारितोषिक मिळालं. आम्ही सगळे चॅपलमध्ये टीव्हीसमोर बसलो होतो. गळ्याला काळा बो लावून तो म्हणाला की ही चाल त्याला ब्लॅकपूलला समुद्रकाठी सापडली. एक अनोळखी म्हातारा लाटांच्या कडेने चालला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कीथने म्युरिएलकडे पाहिलं.

"काय बघतोस?" ती म्हणाली. "चिप्स थंड होतायत, खा."

मी नंतर डेस्मंडला विचारलं. तो चकित झाला. "अरे, होताच तो म्हातारा. मला स्पष्ट आठवतोय." इतक्यांदा सांगून त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं.

मग दिवस फिरले. परदेशातून स्वस्त कार्टून यायला लागली. एकेका भागासाठी इतके दिवस थांबायला टीव्हीवाल्यांना सवड उरली नाही. नवे भाग बंद झाले, जुने अधूनमधून लागत राहिले. चॅपलला कुलूप लागलं. डेस्मंडने क्लाउटचे हक्क लंडनच्या एका कंपनीला विकले आणि डेव्हनला गुलाब लावायला गेला. बाहुल्यांचं रबर सडलं होतं. हात लावला की चुरा पडायचा, आतली सांगाड्याची तार उघडी पडायची. मी माझं टेबल घरी नेलं. म्युरिएलला बाजारात कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम मिळालं. पँटला टीप मारायची, चेन बदलायची.

काही वर्षांनी त्या कंपनीची एक मुलगी तिला भेटायला आली. नाव इमोजेन. क्लाउट पुन्हा येणार होता, या वेळी कॉम्प्युटरवर काढलेला, आणि जुन्या माणसांना आधी दाखवावं म्हणून ती मुद्दाम आली होती. चांगल्या घरातली, नम्र पोरगी. म्युरिएलने मलाही बोलावून घेतलं. इमोजेनने टेबलावर लॅपटॉप उघडला. रंग झळझळीत होते. क्लाउट गल्लीतून आला, दोन्ही पाय सारखे टाकत, जवळजवळ उड्या मारत.

"लंगडणं कुठे गेलं?" मी विचारलं.

"ते आम्ही विचारपूर्वक काढलं," इमोजेन म्हणाली. "पाय अधू असलेल्या माणसाला बघून मुलांनी हसावं, हे आता बरोबर वाटत नाही. एखाद्याला किती लागत असेल, नाही का? जुने भागही त्यासाठीच आता दाखवणार नाही."

म्युरिएलने लॅपटॉप आपल्याकडे वळवला.

"कुणी सांगितलं तुम्हाला, की लागतं म्हणून?"

"आम्ही एक समिती नेमली होती. तज्ज्ञांची."

"तज्ज्ञांची," म्युरिएल म्हणाली. "माझ्या बापाने हेच सांगितलं होतं गं, फुकटात. स्वयंपाकघरात उभं राहून. कोटसुद्धा काढला नव्हता."

इमोजेनला काही समजलं नाही. म्युरिएलने तिला सगळं सांगितलं, थोडक्यात, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. पोरगी रडकुंडीला आली. "म्हणजे आम्ही केलं ते योग्यच झालं ना?" तिने विचारलं.

"योग्यच झालं. अगदी योग्य." म्युरिएलने तिच्या कपात चहा ओतला. "फक्त एवढंच, की आमच्या घरी कॅमेरा नव्हता. एक लग्नातला फोटो आहे, त्यात ते बसलेत. ते चालायचे कसे, हे त्या जुन्या भागांतच होतं. ते आता तुम्ही कपाटात घालणार."

"मी तुम्हाला प्रत मिळवून देईन," इमोजेन म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. पण महिनाभराने तिने ती कंपनी सोडली, आणि तिच्या जागी आलेल्या माणसाने म्युरिएलच्या फोनला उत्तर दिलं की हक्कांचा प्रश्न असल्यामुळे खाजगी वापरासाठी काही देता येत नाही.

नवी मालिका चांगली चालली. माझी नातवंडंही बघायची.

म्युरिएलची बोटं संधिवाताने वाकली तेव्हा तिने दुकान सोडलं आणि समुद्रकाठच्या फ्लीटवुडला मावसबहिणीकडे राहायला गेली. चॅपल पाडून तिथे फ्लॅट झाले. मधे टीव्हीवाले जुन्या स्टुडिओवर कार्यक्रम करत होते. त्यांनी तिचा पत्ता माझ्याकडे मागितला. मी तिला फोन करून विचारलं, देऊ का?

"नको."

"अगं, तुझं नाव येईल. डेस्मंड आता नाही. खरं काय ते सांगता येईल."

"कुणाला सांगू? सिड गेला. क्लबातले सगळे गेले. ज्यांच्यासमोर सांगायला हवं होतं त्यांच्यातला तू एकटाच उरलायस, आणि तुला माहीतच आहे."

मी विषय बदलला. तिकडे दिवस कसा जातो म्हणून विचारलं.

"जातो," ती म्हणाली. "वारा फार आहे. मासे चांगले मिळतात." आणि मावसबहीण जेवायला हाक मारतेय म्हणून तिने फोन ठेवला.