सात्या

बोईसरला येऊन वर्षं लोटली, तरी माझा जीव भंडाऱ्यातच अडकलेला. देवघरातल्या देवीशीही मी भांडायची, ‘कुठं आणून टाकलंस गं मला, माझं बोलणं इथं कुणाला धड कळत नाही!’ ती रोजची कुरकुर ऐकून यांनी सुटीच्या दिवशी वाणगावकडच्या रानातून रुमालभर सात्या वेचून आणल्या. आमच्याकडे पावसाळ्यात वारुळावर उगवतात, दिसायला अगदी तशाच. नेमकी माझी एकादशी होती, म्हणून हे एकटेच जेवले. ‘तुझ्या माहेरची चव,’ म्हणाले.

पहाटे यांना उलट्या-जुलाब सुरू झाले. दवाखान्यात काय खाल्लं विचारल्यावर मी म्हटलं, “सात्यांची भाजी, घरचीच.” डॉक्टरांना ती एखादी पालेभाजी वाटली. सलाईन लागलं, संध्याकाळी उलट्या थांबल्या आणि हे घरी जाऊ म्हणू लागले. पिशवी भरता भरता मी आईला फोनवर सात्यांचं सांगत होते, तर शेजारच्या खाटेपाशी बसलेली एक बाई गर्रकन वळली. “सात्या खाल्ल्या? डॉक्टरले समजलं का, त्या रानातल्या छत्र्या व्हय म्हून?” परमुलखात माझ्या मुलखाची बोली! नर्सबाईंनी ते ऐकलं मात्र, “अळंबी हाय ती? आदी का नाय सांगितलं, ताई?” म्हणत त्या धावत सुटल्या.

डॉक्टर म्हणाले, विषारी अळंबीत असं मधेच बरं वाटणं फसवं असतं, आतून लिव्हरवर घाला चालूच राहतो. रक्ताच्या तपासणीत तेच निघालं. ते म्हणाले, हुकमी उतारा नाही, पण लिव्हरला जपणारं औषध सलाईनमधून देतो, पेनिसिलिनही देतो, कोळशाची पूड पाजतो, पुढचं शरीराच्या हाती. औषधाचे थेंब पडत राहिले, यांचे डोळे पिवळे होत गेले, बोलणं थांबलं. यांच्या आवाजाची मला इतकी ओढ लागली की माहेरही विसरले. एरवी ऊठसूट नवस बोलणारी मी, तेव्हा एकही सुचला नाही. ‘आई, हे तुझेच. ठेवायचे तर ठेव,’ एवढंच देवीला म्हटलं.

ती बाई आपल्या पेशंटला घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळीच निघून गेली होती. नावही विचारायचं राहिलं. डोळे अजून तिला शोधतात. ती देवी होती की गोंदियाकडची कुणी, हा वाद मी घालत नाही.

हळूहळू रिपोर्ट सुधारले. एका दुपारी यांनी डोळे उघडले, मला न्याहाळलं आणि विचारलं, “जेवली का तू?” मी रडतच ‘हो’ म्हटलं. ते खोटं होतं. पण ज्या माउलीनं एवढं मोठं दान दिलं, तिनं तेवढं पोटात घातलं असेल.