त्यांचं यंत्र, माझे कान

दीड महिन्यापूर्वी आमचे हे गेले. त्या सकाळी नेहमीसारखं टेबलावरचं सूर काढायचं यंत्र लावलं, कर्ण्यावर तळहात ठेवून बसले आणि विचारलं, "सूर आला का?" मी स्वयंपाकघरातून ओरडले, "आला!" शेवटचं बोलणं एवढंच... दुपारी जेवायला उठवायला गेले, तर उठले नाहीत.

हे लढाईत बिनतारी खात्यात होते. लढाई संपल्यावर सांगलीत घरीच रेडिओ दुरुस्तीचं टेबल मांडलं. रेडिओत एक ठरलेला सूर सोडायचा आणि तो कुठं बिघडतो ते ऐकत जायचं, असं ते काम. त्या सुरासाठी यंत्र हवं होतं. लष्करातून निघालेला माल विकणाऱ्याकडे दोन होती. मला मोठं आवडलं, चकचकीत, बटणंच बटणं. हे म्हणाले, "दोनी लावून ठेवा. तापू द्या." आम्ही बाकावर बसलो. तिथं त्यांनी हळूच सांगितलं, "तोफांनी कान गेल्यात माझं. बारीक सूर कळत न्हाई. लोकांस्नी समजलं तर रेडिओ कोण दील? कुठल्याचा सूर हलतोय ते तू सांग." लग्नाला चार महिने झाले होते आणि हे आत्ता सांगत होते! राग आला, पण ऐकलं. मिरजेहून उसनी आणलेली, एकच सूर धरणारी सूरपेटी त्यांनी शेजारी वाजवली. मोठ्या यंत्राचा सूर तिच्यापासून हळूहळू सरकत गेला, लहानाचा जागचा हलला नाही. मी लहानाकडं बोट केलं. दुकानदार हसला, "आवं, मशीन घ्यायला आलाय का पातळ? वैनींस्नी काय इचारताय?" हे म्हणाले, "तिनं न्हाई म्हटलं तर मी सदराबी घेत न्हाई."

बायकोला विचारून रेडिओ दुरुस्त करतो म्हणून गल्ली वर्षानुवर्षं हसली. यांनी हसू दिलं. माझ्या कानांवरून गेल्याशिवाय एकही रेडिओ घराबाहेर पडला नाही. एकदा भाकरी करपत होती म्हणून मी न ऐकताच "बराय" म्हटलं. रेडिओ परत आला. "चूक माझी," असं हे गिऱ्हाइकाला म्हणाले आणि मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यानंतर मी खोटं सांगितलं नाही. शेवटची तीन वर्षं मात्र रोज सांगितलं... बोलणं ऐकू यायचं, पण बारीक सूर मलाही कळेनासा झाला होता आणि ते त्यांना कळू द्यायचं नव्हतं.

परवा टेबल पुसताना यंत्र लावलं. तापू दिलं. काही ऐकू आलं नाही. मग त्यांच्यासारखा कर्ण्यावर तळहात ठेवला, तर कर्णा बारीक थरथरत होता. म्हणजे सूर आलाय की नाही, हे त्यांना माझ्याआधी कळत होतं. तरी रोज विचारायचे.