अर्थिंगच्या खड्ड्यावरची आंघोळ

१९९२ च्या एप्रिलात वैजीनाथ पुण्याची नोकरी सोडून, कंप्युटर घेऊन चुडाव्याला आला आणि गावानं त्याला वेड्यात काढलं. मी शेजारी, म्हणून जरा जास्तच. त्याला साखर कारखान्यासाठी प्रोग्राम लिहायचा होता. लागवडीच्या तारखेप्रमाणे ऊसतोडीची पाळी लागणार, वशिला बंद. कारखान्याला प्रोग्राम पसंत पडला तर वैजीनाथ गावात राहणार, नाहीतर परत पुणे. आईचा, धुरपताबाईचा, जीव त्यातच अडकलेला.

पण कंप्युटरच्या डब्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या आणि मशीन मधेच बंद पडायचं. लिहिलेलं सगळं गायब. मग वैजीनाथनं अंगणात खड्डा खणून तांब्याची पट्टी पुरली, वर मीठ-कोळसा भरला. ही अर्थिंग. खड्डा ओला असला तरच ती चालायची, म्हणून तिला रोज दोन बादल्या पाणी लागायचं, आणि मे महिन्यात बायका हापशावर घागरीसाठी भांडत होत्या.

"माणसं तहानली हायत अन् तू डब्याला पाणी पाजायलायस?" धुरपताबाई कडाडली. पण तोड तिनंच काढली. न्हाणीचा दगड उचलून खड्ड्यावर ठेवला. तेव्हापासून मायलेक तिथंच न्हायचे. मी कुंपणावरून विचारायचो, "वैजीनाथ, आज प्रोग्रामच्या किती ओळी न्हाल्या?"

कारखान्याचे शेतकी अधिकारी किशनराव तपासायला आले, त्या दिवशी हापसा बंद होता. घरात कुणी न्हालंच नव्हतं, खड्डा कोरडा. साहेबांनी डब्याला हात लावला, झटका खाल्ला, पडदा काळा झाला.

"ह्याच्यावर कारखाना चालवायचा?" म्हणत ते उठले. वैजीनाथचं तोंड उतरलं.

"साहेब, लय उन्हातून आलात. आंगुळ करा," धुरपताबाई म्हणाली. रांजणातलं प्यायचं पाणी तिनं बादलीत ओतलंसुद्धा होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. साहेब पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत दगडावर बसले. तेवढ्यात तिनं त्यांचे कपडेही तिथंच धुऊन काढले.

मशीन चालू झालं. तोडीच्या पाळीची यादी आली. किशनरावांचा स्वतःचा ऊस एकशे त्रेचाळिसावा.

"हे चुकलंय," पंचा सावरत ते म्हणाले.

"लागवडच तुमची उशिराची हाय," वैजीनाथ म्हणाला.

साहेबांनी कपडे मागितले.

"वाळायलेत," धुरपताबाई म्हणाली. "प्रोग्राम पसंत हाय म्हणून पोराच्या कागदावर सही करा, मंग देते. जायचं तर जावा तसंच, चावडीवर समदं गाव बसलंय."

किशनरावांनी सही केली. कुंपणाशी मी पोट धरून हसत होतो. मग ती रिकामा रांजण उपडा करून तळाचं घोटभर पाणी तांब्यात घेताना दिसली. मी घरातली भरली घागर उचलली आणि तिच्या दारात नेऊन ठेवली. माझी बायको आठवडाभर बोलली नाही.