काकांचा विरोध आणि माझा ‘मोबाईल’

आमच्या हडपसरच्या सोसायटीतले तळमजल्यावरचे काका रोज सकाळी आपली जुनी पेट्रोलची गाडी सुरू करतात, जागच्या जागी घुरघुरवतात आणि पुन्हा कव्हर घालतात. ती कुठेही जात नाही. माझी इलेक्ट्रिक रोज खराडीच्या ऑफिसला जाऊन येते, तर तिला ते ‘मोबाईल’ म्हणतात. ‘‘वाटेत चार्जिंग संपलं तर ढकलायला बोलवू नका.’’ पार्किंगमध्ये सगळ्यांसाठी चार्जिंग पॉइंट बसवायलाही त्यांचाच विरोध.

परवा भाचीच्या लग्नाला निघताना त्यांची गाडी सुरूच होईना. मी काका-काकूंना माझ्या गाडीत घेतलं.

‘‘अहो, सुरू करा की,’’ काका म्हणाले.

‘‘गेटबाहेर आलोय आपण,’’ मागून काकू म्हणाल्या. मग येरवड्यापर्यंत त्याच बोलत होत्या. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे काकांना प्रत्येक शब्द ऐकावा लागला. उतरताना ते माझ्या कानाशी पुटपुटले, ‘‘ही गाडी संसारी माणसाच्या कामाची नाही.’’

रविवारी सोसायटीच्या सभेत चार्जिंग पॉइंटच्या विरोधात काकांनी तावातावाने हात वर केला. शेजारी काकूंनी बाजूने केला.

‘‘काका, हात खाली घ्या,’’ सेक्रेटरी म्हणाले. ‘‘फ्लॅटमागे एकच मत असतं, आणि फ्लॅट काकूंच्या नावावर आहे.’’