पलीकडच्यांसाठी टाळ्या

एकाच पायरीवर चार माणसं वीस-बावीस वर्षं बसली की किस्से आपोआप साठतात. ते कुणी मुद्दाम साठवत नाही. घरात जुन्या पिशव्या साठतात तसे ते साठतात, आणि एखाद्या दिवशी कपाट उघडलं की अंगावर पडतात. सध्या आमच्या कपाटातून जे पडतंय ते सगळं एकाच प्रश्नाचं आहे. ज्या टीमला आपण जन्मभर शिव्या दिल्या, ती बाहेरगावी खेळायला गेली तर टाळ्या वाजवायच्या की नाही? दोन महिने झाले, आम्हाला उत्तर मिळालेलं नाही. तुम्हाला मिळालं तर सांगा.

आधी माणसं सांगतो. पायरी म्हणजे सोलापुरात आमच्या कॉलेजच्या हॉकी ग्राउंडची. मी माने, त्याच कॉलेजच्या ऑफिसात सीनिअर क्लार्क, एके काळचा लेफ्ट आउट. बशीरभाई टेम्पोवाले, आमच्यात वयानं मोठे, एके काळचे राइट बॅक. येमुलचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरींचे माग आहेत. सिद्राम मैंदर्गीचा, घरी शेळ्या-मेंढ्या, तोंडात निम्मं कन्नड. आणि समोर ग्राउंडवर शिट्टी घेऊन उभे असतात ते देवकर सर, आम्हा चौघांचेही कोच.

रेल्वे लाइनच्या पलीकडे दुसरं कॉलेज आहे. त्याचं नाव आम्ही घेत नाही. ‘पलीकडचे’ म्हणतो.

*

आमचं आणि पलीकडच्यांचं किती वाकडं आहे ते ऐका.

बशीरभाईंच्या मुलीला स्थळ आलं. मुलगा देखणा, नोकरी पक्की, माणसं चांगली. चहा झाला, बिस्किटं झाली. बशीरभाईंनी सहज विचारलं, “शिक्षण कुठं झालं, बेटा?”

मुलानं पलीकडच्या कॉलेजचं नाव घेतलं.

बशीरभाईंनी कप खाली ठेवला. आतून मुलीची आई पडदा बाजूला करून बघायला लागली. बराच वेळ विचार करून बशीरभाईंनी विचारलं, “हॉकी खेळत होता का?”

“नाही चाचा. क्रिकेट.”

बशीरभाईंनी कप परत उचलला. “मंग काय हरकत न्हाय! आपलाच पोरगा हाय की!”

*

आमच्या झोनमधून पुण्याच्या स्पर्धेला एकच टीम जाते. झोनच्या फायनलला दर वर्षी आम्ही आणि ते. जिंकतात दर वर्षी ते. देवकर सरांची नोकरी एकतीस वर्षं झाली, त्यात पुणं एकदाही झालं नाही. म्हणजे सर पुण्याला गेलेत, कधी लग्नाला, कधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. टीम घेऊन कधी नाही. पुढच्या वर्षीची स्पर्धा झाली की मे महिन्यात रिटायर होतायत.

यंदा आमची टीम खरंच चांगली होती. येमुलला इतका कॉन्फिडन्स, की त्यानं फायनलच्या आधीच पंचवीस चादरी विणून टाकल्या. पांढऱ्यावर मरून अक्षरं, वर आमच्या कॉलेजचं नाव आणि खाली मोठ्यानं ‘पुण्याला चाललो’!

शेवटच्या मिनिटाला पलीकडच्यांना शॉर्ट कॉर्नर मिळाला, त्यावर गोल बसला आणि आम्ही हरलो.

पायरीवर चादरींचा गठ्ठा, आणि आम्ही त्याच्याकडे बघत बसलेलो. येमुल म्हणाला, “आता हे कोण पांघरणार बे?”

सिद्राम म्हणाला, “मला दे. मेंढरांवर घालतो. त्यांना वाचायला येत न्हाय.”

*

चार दिवसांनी ऑफिसात स्पर्धेचं परिपत्रक आलं. असली परिपत्रकं मी शिक्का मारून फायलीत टाकतो, हे वाचलं आणि हातातला शिक्का तसाच राहिला. नवीन नियम होता. ज्या झोनची टीम यंदा फायनलपर्यंत पोचेल, त्या झोनला पुढच्या वर्षी दोन जागा.

दोन जागा म्हणजे झोनचा पहिला आणि दुसरा. आणि दुसरे येण्यात आमचा हात धरणारं कुणी नाही!

मी कागद घेऊन पळत पायरीवर गेलो. मोठ्यानं वाचला. कुणाच्याच डोक्यात काही शिरेना. शेवटी येमुल बोटं मोजत म्हणाला, “म्हंजे सरांनी पुढच्या वर्षी पुण्याला जायचं असंल, तर ह्या वर्षी तितं पलीकडचे जिंकायला पायजेत?”

“व्हय.”

“म्हंजे आपण त्यांना टाळ्या वाजवायच्या?”

“अय्यो!” सिद्राम म्हणाला आणि उठून उभाच राहिला.

देवकर सरांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, घडी घालून मला परत दिला, आणि पोरांना ग्राउंडच्या दोन जादा फेऱ्या मारायला लावल्या.

*

सिद्रामनं मनावर घेतलं. रविवारी मैंदर्गीला गेला, देवळात नारळ ठेवला. सोमवारी परत पायरीवर.

“मागितलंस का बे?” येमुलनं विचारलं.

“गेलो, हात जोडले. पण पलीकडचे जिंकू देत, असं तोंडातून निघंना की! तीनदा बघितलं. जीभच वळंना.”

“मंग?”

“मंग देवाला म्हणलो, त्यांच्या समोरचे सगळे हरू देत.”

आम्ही हिशेब घातला. चालतंय, एकच झालं. पण बशीरभाईंच्या मनात शंका आली. “फायनलला बी का?”

“न्हाय न्हाय! सेमीपर्यंतच म्हणलोय,” सिद्राम म्हणाला. “तितनं फुडं देवानं काय ते बघावं.”

*

पुण्याला जायच्या तीन दिवस आधी पलीकडच्या कोचचा मला ऑफिसात फोन. त्यांच्या गोलकीपरचे पॅड फाटलेत, नवीन येईपर्यंत स्पर्धा संपेल, तुमचे मिळतील का? आवाज असा, की माणसाला फार अवघड जात होतं.

इतर वर्षी मी फोन ठेवून पेढे वाटले असते. यंदा मी सरांकडे गेलो. सर म्हणाले, “काढ बाहेर.”

दुपारभर सर पायरीवर बसून पॅड पुसत होते. एक पट्टा सैल होता. येमुलकडून चादरीचा दोरा आणवला आणि स्वतः शिवला. आम्ही चौघं बघत होतो. सगळं झाल्यावर त्यांनी पेन मागितलं आणि दोन्ही पॅडवर आमच्या कॉलेजचं नाव लिहिलं. आतल्या बाजूनं.

बशीरभाई म्हणाले, “सर, आत कुणाला दिसणार?”

“दिसू नये,” सर म्हणाले. “फक्त पायाला कळलं पाहिजे.”

*

आम्ही बशीरभाईंच्या गाडीतून निघालो. मोहोळला चहाला थांबलो, तर पलीकडच्यांची बस तिथंच. एकाच हॉटेलात त्यांची टीम आणि आम्ही पाच जण. कुणी कुणाकडे बघेना. वेटरलाही कळेना, सगळे सोलापूरचे, मग बोलत का नाहीत?

त्यांचा सेंटर फॉरवर्ड भज्यांची प्लेट घेऊन बसला होता. सर ताडकन उठले. “ए! संध्याकाळी मॅच आहे ना? तळलेलं खातोस?”

पोरानं दचकून प्लेट खाली ठेवली. पलीकडचे कोच जवळ आले, नम्रपणे म्हणाले, “सर, हा तुमचा खेळाडू नाही.”

सर म्हणाले, “माहीत आहे. म्हणून तर हळू बोललो.”

ती भजी शेवटी सिद्रामनं खाल्ली.

*

पुण्यात खरी पंचाईत झाली. पलीकडच्यांच्या माणसांमागची रांग आम्हाला मिळाली. टाळ्या वाजवायच्या असं ठरवून बसलो होतो, पण हातांना ते कोण सांगणार? पलीकडच्यांनी गोल केला की आमचे हात मांडीवरच. अंपायरनं त्यांच्या एकाला ताकिदीचं ग्रीन कार्ड दाखवलं, तर बशीरभाई उभे राहून ओरडले, “बरोब्बर हाय अंपायरसाहेब!”

पुढच्या रांगेतला एक जण मागं वळला. “तुमी नक्की कुणाकडून हाय?”

“तुमच्याकडून!” बशीरभाई म्हणाले. “सवय नक्को का व्हायला? टाइम लागतो.”

मग येमुलनं शक्कल काढली. त्यानं पिशवीतून एक चादर काढली. सोलापुरी चादरीची गंमत अशी, की उलटी केली की रंगांची अदलाबदल होते. आमच्या पांढऱ्यावर मरून अक्षरं, म्हणजे उलट्या बाजूला मरूनवर पांढरी. आणि मरून कुणाचा रंग? पलीकडच्यांचा! आम्ही चादर उलटी धरली. लांबून अगदी त्यांचीच वाटत होती. अक्षरं तेवढी आरशातल्यासारखी उलटी, पण तिथं वाचतंय कोण?

शेजारी बसलेले एक पुणेकर गृहस्थ वाचत होते. मान वाकडी करून पाच मिनिटं बघितलं त्यांनी. मग सिद्रामला विचारलं, “ही कुठली लिपी?”

“कन्नड,” सिद्राम म्हणाला.

पलीकडचे ती मॅच जिंकले.

*

सेमी फायनल. ही जिंकली की फायनल, आणि फायनल म्हणजे सरांचं पुढच्या वर्षीचं पुणं. वेळ संपली तेव्हा एक-एक. शूटआउट!

सरांना बघवेना. उठून स्टँडमागच्या पाण्याच्या टाकीपाशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. इकडे आम्ही चौघं चादरीचा एकेक कोपरा धरून. शेवटच्या प्रयत्नात समोरच्यांचा पोरगा बॉल घेऊन एकटा आला, डावीकडे गेला, उजवीकडे गेला, आणि आमच्या पॅडनी, म्हणजे त्यांच्या गोलकीपरनं, तो अडवला. पलीकडचे जिंकले!

आम्ही चौघं टाकीकडे पळत सुटलो. “सर! सर! पलीकडचे जिंकले!”

सरांचा चेहरा एकदम पडला. कपाळाला हात लावून ते टाकीला टेकले. “परत?” म्हणाले. “परत तेच?”

येमुल म्हणाला, “सर, आवं ते जिंकले म्हंजे आपण आलो! फुडच्या वर्षी टीम घेऊन तुमी हितं येताय!”

सर आमच्या तोंडांकडे एकेक करून बघत राहिले. “थांबा. म्हणजे हे चांगलं झालं?”

“व्हय सर!”

“नक्की?”

“नक्की!”

मग त्यांनी चष्मा काढला आणि रुमालानं पुसायला लागले. चष्मा झाला, डोळे झाले, परत चष्मा झाला. मला तर रडूच आलं, खोटं कशाला सांगू? बशीरभाई गोंधळून टाकीलाच मिठी मारत होते.

*

दुसऱ्या दिवशी फायनल. आता आमचं काही अडकलेलं नव्हतं, जागा पक्की झाली होती. बशीरभाईंनी गाडीतच जाहीर करून टाकलं, “आता सुट्टी! आता हरू दे, पोटभर हरू दे!” सिद्रामचा नवसही सेमीपर्यंतचाच होता. येमुलनं चादर सुलट केली, पांढऱ्यावर मरून, आमचं नाव आणि खाली ‘पुण्याला चाललो’. किती दिवसांनी मोकळेपणानं बसलो होतो!

पलीकडच्यांवर पहिला गोल बसला. बशीरभाईंनी जोरात टाळ्या वाजवल्या.

दुसरा बसला. बशीरभाईंनी दोन-तीन वाजवल्या.

तिसरा बसला तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलं, तर ते बुटाच्या नाडीशी काहीतरी करत होते.

हाफ टाइमला शून्य-तीन. समोरच्या स्टँडमध्ये ढोल वाजत होता. आमच्या पुढच्या रांगेतली पलीकडची माणसं गाडी चुकेल असं सांगून एकेक करून निघून गेली. भजी सोडलेला तो सेंटर फॉरवर्ड खाली मान घालून उभा होता. त्यांचा गोलकीपर गोलच्या लाइनवर बसला होता, आमचे पॅड समोर पसरून.

परत खेळ सुरू झाला.

सर उठले. येमुलच्या मांडीवरून त्यांनी चादर ओढून घेतली. झटकली, उलटी केली, मरून बाजू ग्राउंडकडे, आणि एक कोपरा माझ्या हातात दिला. “माने, धर.”

मी म्हणालो, “सर, आता कशाला? आपली जागा झाली की पक्की.”

सरांनी आपला कोपरा डोक्याच्या वर नेला.

“हात वर घे,” म्हणाले. “खालची ओळ दिसत नाहीय पोरांना.”